चालती गाडी घाटात बंद पडते, सर्व्हिस सेंटर म्हणतं "गाडी ओके आहे मॅडम"

मधलीसुट्टी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

गाडी २०२१ ची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, ४७ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत आहे.

फेब्रुवारीपासून ही गाडी चालता चालता तीनदा बंद पडली. पहिल्यांदा जुन्या कात्रज घाटात, नवरा चालवत होता. तिसऱ्यांदा वरंध घाटात. मधली खंबाटकीतली, ती सांगते.

मी चालवत होते. मागे सासूबाई आणि चार वर्षांची लेक. दुसरा गिअर, तिशीचा वेग, आणि कुणी गुपचूप किल्ली फिरवावी तसं इंजिन गेलं. गचका नाही, आवाज नाही. स्टिअरिंग एकदम जड. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पाय पेडलवर नाही, भिंतीवर ठेवलाय असं वाटलं. गाडी मागे सरकायला लागली. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागच्या ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि त्याने चाकामागे दगड लावला. त्याचं नावही विचारायचं राहिलं. दहा मिनिटांनी सेल मारला, तर शहाण्या मुलासारखी चालू. साताऱ्यापर्यंत काही नाही.

सर्व्हिस सेंटरच्या तीन वाऱ्या झाल्या. पहिल्या वेळी थ्रॉटल बॉडी साफ केली, २८०० रुपये. दुसऱ्या वेळी फ्युएल पंप बदलला, वॉरंटीत. तिसऱ्या वेळी गाडी नऊ दिवस ठेवून घेतली, ८० किलोमीटर ट्रायल मारली म्हणे. स्कॅनरवर कोड नाही, "समस्या आढळली नाही". अ‍ॅडव्हायझर वर मला म्हणतो, "मॅडम, घाटात क्लच लवकर सुटत असेल तुमचा." अरे बाबा, पहिल्यांदा बंद पडली तेव्हा चालवणारा नवरा होता! मग म्हणाला, सेफ्टीचा प्रॉब्लेम नाही हा, फक्त इन्कन्व्हिनियन्स आहे.

तर, असा दोष कुणी शोधून काढलाय का? आणि तोवर गाडी वापरायची की नाही?

तिखटमीठ
उंदीर. डोळे मिटून सांगतो, उंदीर.

नाना_पार्किंगवाले
तिखटमीठ यांना +१. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात सात गाड्यांच्या वायरी कुरतडल्या. बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या टांगायच्या, जालीम उपाय.

तिखटमीठ
नाना, आमच्याकडे पुडी टांगली तर चौथ्या दिवशी पुडीच गायब. उंदराला व्यसन लागलं की वॉचमनला, हे अजून कळलेलं नाही.

सडाफटिंग
सरळ सांगू? विका. नवीन घ्या, ही एक्स्चेंजला द्या. त्यांच्या लेखी गाडी ओके आहे ना, मग भाव पण ओके द्या म्हणावं. डोक्याला ताप कशाला.

चकलीचा_घाणा
आणि घेणाऱ्याच्या मागच्या सीटवर कोण बसणार? त्यालाही लेक असेल की.

सडाफटिंग
तो डीलर बघून घेईल. आपण काय जगाचा मक्ता घेतलाय?

चकलीचा_घाणा
डीलर धुऊन पुसून पुढे विकेल. जॉबकार्डवर "समस्या आढळली नाही" लिहिलेलंच आहे, तो तेच दाखवेल. दोष माहीत असून न सांगता विकणं म्हणजे फसवणूक, दुसरा शब्द नाही.

पाना_नंबर_बारा
भांडण नंतर करा. ताई, मी कोल्हापुरात ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. आधी एक समजून घ्या. ब्रेकला जो बूस्टर असतो, तो इंजिनच्या व्हॅक्युमवर चालतो. इंजिन बंद झालं की एक-दोन दाबांपुरता व्हॅक्युम शिल्लक राहतो. म्हणून पुन्हा असं झालं तर ब्रेक पंप करायचा नाही. एकदाच दाबायचा आणि दाबून धरायचा. नंतर लागतो, पण दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. किल्ली पूर्ण फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. हजार्ड लाइट, हँडब्रेक, पहिला गिअर.

आता दोष. "बंद पडली" एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही. बंद पडताना मीटर काय करतो ते सांगा. गाडी पुढे जातेय, गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनला फिरवत असतात. अशा वेळी इंजिन मेलं आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर इंधनाकडे बघायचं. काटा एका क्षणात शून्यावर पडला, तर इंजिन फिरत असूनही कॉम्प्युटरला ते कळत नाहीये. म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), त्याची वायर किंवा सप्लाय. आणि अख्खा मीटरच विझला तर इग्निशन स्विच किंवा मेन रिले. तीन प्रकार, तीन रस्ते. तुमचा काटा काय करतो?

मधलीसुट्टी
दादा, खरं सांगू? तेव्हा काटा बघायचं भान कुणाला होतं.

पाना_नंबर_बारा
बरोबर आहे. म्हणून मोबाईल होल्डरला लावून मीटरचा व्हिडिओ चालू ठेवायचा. पण लेकराला घेऊन प्रयोग नको.

काळाकोट
पेशाने वकील आहे. एक गोष्ट आजच करा. तिन्ही जॉबकार्डं काढा आणि तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

मधलीसुट्टी
पहिल्यावर "पिकअप कमी". दुसऱ्यावर "स्टार्टिंग प्रॉब्लेम". तिसऱ्यावर "जनरल चेकअप". 😶
मी यातलं एकही बोलले नव्हते.

काळाकोट
वाटलंच होतं. म्हणजे कागदावर तुमची गाडी कधी बंद पडलेलीच नाही. यापुढे जॉबकार्डवर तुमचं वाक्य लिहून घ्या: "चढावर चालू गाडीचं इंजिन बंद होतं, ब्रेक घट्ट होतो, स्टिअरिंग जड होतं." ते लिहिल्याशिवाय सही नाही. आणि घरी येऊन त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल: तिन्ही तारखा, ठिकाणं, गाडीत कोण होतं, आणि अ‍ॅडव्हायझर काय म्हणाला ते शब्दशः. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आणि नुसत्या बघण्याने दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, कलम ३८. पण त्याआधी तुमच्या बाजूने काहीतरी कागद हवा.

बारा_गडगड
त्याच कलम ३८ मध्ये लिहिलंय की निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच. मेव्हण्याच्या फ्रिजची केस चौथ्या वर्षात आहे. फ्रिज भंगारात गेला, केस थंड आहे.

काळाकोट
नाकारत नाही. पण ईमेल आणि जॉबकार्डाला चार वर्षं लागत नाहीत, आणि बऱ्याचदा काम तिथेच होतं.

भुईचक्र
मिशिगनहून लिहितोय. "इन्कन्व्हिनियन्स" हा शब्द वाचून काटा आला अंगावर.

इथे जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं प्रकरण झालं ते आठवत असेल. स्विच ढिला होता. कीचेनला चार किल्ल्या जास्त असल्या, गुडघा लागला किंवा खड्डा आला, की किल्ली आपोआप एक घर मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगही उघडायची नाही. अगदी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तक्रारी आल्या होत्या. पण चालती गाडी बंद पडणं हा सुरक्षेचा नाही तर ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न, अशा खान्यात त्या टाकल्या गेल्या. मधे एकदा स्विचचा आतला भाग बदलला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे नंतर शोधणाऱ्यांना जुनी गाडी बंद पडते आणि नवी पडत नाही, याचं कोडंच सुटेना. २०१४ मध्ये जवळपास २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. मेरी बारा नुकत्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या होत्या, त्यांना अमेरिकी काँग्रेसपुढे उत्तरं द्यावी लागली.

मुद्दा एवढाच, की त्या अ‍ॅडव्हायझरने कुठल्या खान्यात टिक केली यावर सगळं ठरतं. काळाकोट म्हणतात ते जॉबकार्ड म्हणून महत्त्वाचं.

बारा_गडगड
आमच्याकडे कीचेनला कपाटाची, तिजोरीची, गावच्या घराची आणि कुणालाच माहीत नसलेल्या कुलपाची किल्ली असते. आजच काढतो.

आजोबा_फियाटवाले
थोडं अवांतर. १९७८ सालची फियाट होती आमची. बोरघाटात मे महिन्यात हमखास बंद पडायची. पेट्रोल पंप इंजिनला लागून, तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची. उपाय काय, तर पंचा ओला करून पंपावर घालायचा आणि वीस मिनिटं डबा उघडून दशम्या खायच्या. हिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि घाटातला तो वारा! कोणी घाबरत नसे, कारण दोष काय ते ठाऊक होतं. आताच्या गाडीत ओलं फडकं ठेवायचं कुठे तेच कळत नाही.

चकलीचा_घाणा
आजोबा, तुम्ही दशम्यांवर वेगळा धागा काढा, प्लीज.

ओढ्याकाठी
एक शंका. तिन्ही वेळा घाटात, तिन्ही वेळा चढावर. सपाटीला कधीच नाही? मग सर्व्हिस सेंटरने ८० किमी ट्रायल कुठे मारली?

मधलीसुट्टी
चांगला प्रश्न. फोन करून विचारलं. "बाणेर रोड, मॅडम."

ओढ्याकाठी
😂 बाणेर रोडला घाट आला कधी?

मधलीसुट्टी
आठ दिवसांनी येतेय. रागावू नका, ऐका.

रविवारी पहाटे साडेपाचला नवरा आणि भाऊ जुन्या कात्रज घाटात गेले. नवरा आमच्या गाडीत एकटा, मीटरसमोर मोबाईल, मागे भाऊ दुसऱ्या गाडीत हजार्ड लाइट लावून. दोन फेऱ्यांत काही नाही. तिसऱ्या चढाला बोगद्याच्या अलीकडे गेली. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय: वेग २८, बाकीचा मीटर चालू, आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. पडलाच. नवऱ्याच्या तोंडचा शब्द म्यूट करावा लागला.

पाना_नंबर_बारा
शाबास. प्रयोग धाडसी केलात, पण काम झालं. आता क्रँक सेन्सर बदला असं कुणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. सेन्सर गरम होऊन मेला असता तर सपाटीला ट्रॅफिकमध्येही मेला असता. चढावरच का? चढावर जोर पडला की इंजिन आपल्या माउंटिंगवर मागेपुढे कलतं, बोटभर तरी. वायर कुठेतरी ताणली जातेय. चांगला वायरमन बघा. गाडी सपाटीला, चाकांना दगड, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच द्यायला सांगा. इंजिन कलेल तेव्हा सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीवर टॉर्च मारा. हात लांब ठेवून.

तिखटमीठ
म्हणजे उंदीर नाही?

पाना_नंबर_बारा
उंदीर असता तर एव्हाना पूर्ण खाल्ली असती.

मधलीसुट्टी
सापडलं!!!

नाना पेठेतला एक वायरमन. दुकान म्हणजे एक शटर आणि एक स्टूल. दादांनी सांगितलं तसंच केलं. त्याने खाली झोपून दोनदा बघितलं आणि "अरे, ही तर घासतीय" एवढंच म्हणाला. सेन्सरची वायर एका प्लॅस्टिकच्या क्लिपने बॉडीला बांधलेली असायला हवी, ती क्लिपच नाही. वायर मोकळी लोंबकळून गिअरबॉक्सच्या धारेवर घासत होती. वरची टेप घासून आरशासारखी चकचकीत झालेली. आत दोन वायरी, एकीचं कव्हर फाटून तांब्याच्या तीन बारीक तारा उरलेल्या, तारांना हिरवट बुरशी. इंजिन कललं की त्या तीन ताराही सुटायच्या, बसलं की टेकायच्या. तीन तारांवर माझी लेक खंबाटकी चढत होती.

वायर जोडून, स्लीव्ह घालून, नवीन क्लिप मारून साडेसहाशे रुपये. पंचवीस मिनिटं. सर्व्हिस सेंटरचे नऊ दिवस आठवले.

काळाकोट
अभिनंदन, पण कापलेला तुकडा कुठाय? फोटो काढलेत का दुरुस्तीआधी?

मधलीसुट्टी
फोटो नवऱ्याने काढलेत, अकरा. तुकडा वायरमनने कचऱ्यात टाकला होता, तो डबा उलटा करून परत शोधला. सध्या फ्रिजवर हिंगाच्या रिकाम्या डबीत आहे. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पहिलं वाक्य, "बाहेर हात लावलात? मग वॉरंटी गेली."

काळाकोट
हेच लेखी द्या म्हणा. कुठल्या अटीखाली, कोणत्या भागाची वॉरंटी गेली ते. बघा किती दिवस उत्तर येत नाही. आणि मागे कधी गिअरबॉक्स उतरवला होता का?

मधलीसुट्टी
गेल्या जुलैत क्लचचं काम झालं होतं, त्यांच्याकडेच. तेव्हाच क्लिप लावायची राहिली असणार.

सडाफटिंग
घ्या. म्हणजे माणसाची चूक, गाडीची नाही. मी विका म्हणालो ते मागे घेतो. गाडी चांगली आहे.

कळसूबाई_लाइट
थांबा. खुणांवरून माझी गाडी हीच वाटते, व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) खात्री करून घेतली. तीच आहे. माझी १९ हजार चाललीय, शोरूममधून आल्यापासून गिअरबॉक्सला कुणी हात लावलेला नाही. फोटो बघून आज खाली वाकून टॉर्च मारला. माझ्याकडेही क्लिप नाही. क्लिपसाठीचं भोक आहे, रिकामं. टेप अजून शाबूत, पण एका बाजूने चकाकायला लागलीय.

पाना_नंबर_बारा
मग क्लचवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. कारखान्यातूनच राहिली असेल.

भुईचक्र
किंवा काही महिन्यांच्या गाड्यांमध्येच राहिली असेल. दोघांच्या उत्पादनाचा महिना जुळवून बघा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

कळसूबाई_लाइट
माझी एप्रिल २०२१.

मधलीसुट्टी
माझी मार्च.

घरकोंबडा
माझीपण हीच गाडी, पण २०२३ ची. क्लिप आहे, काळी, घट्ट बसलेली. सुटलो.

काळाकोट
आता प्रकरण बदललं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सुरक्षेला धोका असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, किती गाड्या आहेत त्यावर. त्याआधी २०१२ पासून फक्त कंपन्यांचा स्वेच्छेचा मामला होता. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, तुमच्या आहेत. तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाने स्वतः करायची. पण एका तक्रारीने हलत नाही. किती तक्रारींनंतर चौकशी लागेल ते त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीवर ठरतं. त्यामुळे कळसूबाई, तुमची गाडी अजून बंद पडलेली नसली तरी तक्रार करा. क्लिप लावण्याआधी फोटो काढा.

बारा_गडगड
म्हणजे आधी पुरेशा लोकांनी घाटात अडकायचं, मग सरकार बघणार.

काळाकोट
अडकायची गरज नाही, वाकून बघितलं तरी पुरे. म्हणूनच सांगतोय.

चकलीचा_घाणा
मधलीसुट्टी, सडाफटिंग यांचं ऐकून ती गाडी एक्स्चेंजला गेली असती, तर ती तीन तारांची वायर आज कुठल्या घाटात असती?

सडाफटिंग
मान्य आहे हो. किती वेळा मान्य करू.

मधलीसुट्टी
अपडेट. पोर्टलवर तक्रार केली, कळसूबाईंनीही केली. कंपनीच्या ईमेलला उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." वॉरंटीबद्दल लेखी अजून काही नाही, नववा दिवस आहे. गाडी दुरुस्तीनंतर दोनदा कात्रज, एकदा खंबाटकी चढली, काटा जागेवर. तरी मी अजून चढावर मीटरकडेच बघते, रस्त्याकडे कमी. हेही धोक्याचंच.

सासूबाईंना तुकडा दाखवून सगळं समजावलं. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, "हिंग वाया घालवलास" म्हणाल्या, आणि गणपतीला स्वारगेटहून एसटीने वाईला गेल्या.

आजोबा_फियाटवाले
बरोबर केलं त्यांनी. एसटी बंद पडली तर दुसरी येते.

मधलीसुट्टी
२०२१ च्या मार्च-एप्रिलची गाडी कुणाची असेल तर व्यनि करा, मॉडेल आणि बघायची जागा सांगते. डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूने टॉर्च मारला की रिकामं भोक दिसतं, गाडी उचलावी लागत नाही.

पुरणावरचं_तूप
व्यनि केला होता, उत्तराबद्दल आभार. नाशिकहून लिहितेय, गाडी मे २०२१ ची. आत्ता पार्किंगमध्ये चटई टाकून बघून आले. क्लिप नाही. उद्या सकाळी कसारा घाट उतरून कल्याणला जायचं होतं, ट्रेनचं तिकीट काढलंय.